पेरेगुनची रांग

आपली जमीन म्हातारी झाली आहे, हे ओजेदिरानला आधी कुदळीने सांगितले, मग कोनफळांनी. पाते आत शिरताना पूर्वी जो ओलसर, मांसल आवाज येई, तो केव्हाच थांबला होता. आता कुणी झोपेत दात खावेत तशी माती खरखरे. गेल्या हंगामात ढिगारे फोडले, तेव्हा आतून निघालेली कोनफळे मनगटाच्या जाडीचीही नव्हती. इयुनादेने, त्याच्या बायकोने, टोपली भरली. तिने टोपलीवर केळीचे पान झाकले आणि ओके-आपाच्या वेशीतून आत शिरताना, डोक्यावर जड ओझे असल्यासारखी मान ताठ धरून ती चालली. ते ढोंग मागून चालणाऱ्या त्याला दिसत होते.

पेरेगुनच्या झाडांच्या रांगेपलीकडची जमीन मात्र काळी होती.

ओके-आपा आणि इडोसे या दोन गावांच्या शिवा जिथे भिडत, तिथे ती रांग उभी होती. बारीक सरळ खोडे, माथ्यावर पात्यांसारख्या लांब पानांचे झुबके. एके काळी या दोन गावांनी एकमेकांची घरे जाळली होती. मग दोन्हीकडच्या आजोबांनी शिवेची माती ओढ्याच्या पाण्यात कालवली, एकाच तुंब्यातून ती प्यायली आणि पेरेगुन लावले. तेव्हापासून बाजार एक झाला, मुली इकडून तिकडे गेल्या, आणि भांडण उरले ते फक्त थट्टेपुरते. पेरेगुन उभा आहे तिथे वाद नाही, असे लहान पोरही सांगे.

उत्तरेकडून माणसे धरून नेणारे घोडेस्वार आले त्या वर्षापासून इडोसेच्या लोकांनी लांबची शेते सोडून दिली होती. तटाच्या आसपास जेवढे पिकेल तेवढे ते पिकवत. रांगेपलीकडचे रान त्यांनी पडीक ठेवले. पाने पडली, कुजली, माती होऊन निजली. त्याच वर्षी ओजेदिरानचा एकुलता एक मुलगा दोर बांधून नेला गेला. इयुनादे आणि मुलगी आबेके मात्र वाचल्या, कारण इडोसेच्या लोकांनी ओके-आपाच्या बायकांना आपल्या खडकातल्या गुहेत घेतले, आपल्या वाट्याचे पाणी दिले आणि तोंडाशी दगड लावून बाहेर स्वतः उभे राहिले. दगड लावणाऱ्यांत लाडेजो होता. पुढे आबेके त्यालाच दिली.

एवढे सगळे ठाऊक असताना ओजेदिरानने ती रांग हलवली.

ऐन पावसाळ्यात, दुपारी, जेव्हा समोरचा हातही दिसत नव्हता आणि शेतावर चिटपाखरू नव्हते, तेव्हा त्याने खोडे कोयत्याने छाटली आणि पलीकडे, शेताच्या रुंदीइतक्या अंतरावर, पुन्हा त्याच क्रमाने खोचली. जुन्या जागी उरलेले बुंधे त्याने खणून काढले, खड्डे बुजवले, वर गवताची ढेकळे दाबली. पेरेगुनला निष्ठा ठाऊक नसते. जिथे खोचावा तिथे तो मुळे धरतो. पाऊस ओसरेपर्यंत प्रत्येक खोडाच्या माथ्यावर नवा झुबका डुलू लागला होता, आणि जणू तिथेच जन्मलो, अशा सहजतेने ती रांग वाऱ्याला मान देत होती.

त्या दुपारी तो भिजून घरी आला, तेव्हा इयुनादेने त्याच्या नखांतली माती पाहिली. आपल्या शेताची माती तांबडी होती. तिने गरम पाणी आणून ठेवले. पुढे कितीतरी दिवस ती त्याच्या हातांकडे न बघता त्याला वाढत राहिली.

*

"बोलावणं कुणाला धाडलंत?" इयुनादेने विचारले.

तो दारात बसून कुदळीच्या दांड्याला पाचर ठोकत होता. "जावयाला. ढीग घालायचे दिवस आले. सासऱ्याच्या शेतात गडी घेऊन एक दिवस राबणं त्याच्याकडे निघतंच."

"ते निघतं. पण कुठल्या शेतात?"

"शेत म्हणजे शेत."

"त्यांचेच हात, आणि त्यांचीच..." ती थांबली. उखळावर बसलेली माशी तिने हाकलली. "दुसरं कुणी बोलवा. तुमच्या भावकीतले बोलवा."

"भावकीतले आले तर उद्या इडोसेचा कुणी उभा राहून विचारेल, हे कुणी घातलं. इडोसेच्याच पोरांनी घातलं म्हटल्यावर कोण विचारणार? पोरांना काय कळतंय शीव कुठं होती ते. रान सुटल्यापासून इकडं फिरकलंय कोण त्यांच्यातलं?"

हे बोलणे त्याने मनात पुष्कळदा घोकले होते; तोंडातून बाहेर पडल्यावर मात्र ते त्याला ओळखू येईना. दुसऱ्याच कुणा कोत्या, लबाड माणसाचा आवाज आपल्या घरात येऊन बसला आहे, असे त्याला वाटले.

"बरं," इयुनादे म्हणाली. "कोनफळं सोलते मी. आहेत तेवढी. रस्सा पातळ झाला म्हणून कुणी बोललं, तर ऐकून घ्यायचं."

*

इडोसेचे लोक दव वाळण्याआधीच आले. पुढे ढोलकीवाला आयांडोकुन, मागे खांद्यांवर कुदळी टाकलेले तरुण, आणि त्यांच्यात उंच, लाजाळू लाडेजो. ढोलकी काखेत दाबून आयांडोकुन दुरूनच ओरडला, "अहो डोंगरातल्या शेळ्यांनो! उठलात का? का अजून रवंथच चाललाय?"

इयुनादे चुलीपाशी होती. एरवी अशा टोमण्याला तिच्याकडे तयार उत्तर असे. आज ते थोडे उशिरा आले. "ऐकलं मी बेडकांचं! पाऊस सरला तरी तुमचं डराव डराव काही सरत नाही. आधी हात चालवा, मग तोंड."

"हात चालतील हो मावशी. पण मागच्या वेळी रश्श्यात मी मांसाचा तुकडा शोधत होतो, तर रश्श्यात मलाच माझं तोंड दिसलं."

"मग मांस मिळालंच की तुला. माकडाचं."

गडी हसले. लाडेजोही खाली बघून हसला. आणि त्या हसण्याच्या मागून, काठी टेकत, खांद्यावर स्वतःची कुदळ घेतलेला ओसुनदारे पायवाटेवर आला.

ओसुनदारे लाडेजोचा थोरला चुलता. घराण्यातला सगळ्यांत मोठा, ओजेदिरानपेक्षाही वयाने कितीतरी वडील. असल्या कामाला असली माणसे येत नाहीत. ती घरी बसून पोरांना पाठवतात.

"काका ऐकेचनात," लाडेजो हळूच म्हणाला. "म्हणाले, आबेकेच्या बापाला एकदा माझ्या हातचं काम दाखवतो."

ओसुनदारे शेताच्या मधोमध जाऊन उभा राहिला. त्याने रांगेकडे पाहिले. मग दूरवरच्या खुणेच्या शेवरीकडे, मग पायाखाली. पाहायला फार वेळ लागला नाही. त्याने काठी बाजूला ठेवली, अंगावरचे वस्त्र कमरेला खोचले आणि गुडघे, मग तळवे, मग छाती टेकत तो मातीवर पालथा आडवा झाला. लाडेजो आणि सगळे गडी त्याच्या मागोमाग आडवे झाले.

मुलगी देणारा उंच आणि मुलगी घेणारा खाली. त्यात वय बघत नाहीत. हे ओजेदिरानला लहानपणापासून ठाऊक होते. पण म्हातारा ज्या जागी निजला होता, ती जुन्या रांगेच्या आणि नव्या रांगेच्या मधली होती. स्वतःच्या वाडवडिलांच्या भुईवर गाल टेकून तो भुई चोरणाऱ्याला नमस्कार करत होता.

"व्याही," तो मातीतूनच म्हणाला, "इडोसे तुमच्या पायाशी आहे."

यावर 'उठा' म्हणायचे असते. ते म्हटल्याशिवाय कुणी उठत नाही. एक मुंगी म्हाताऱ्याच्या कानाच्या पाळीवर चढली, क्षणभर थांबली, आत वळली. म्हाताऱ्याने डोके हलवले नाही.

"उठा," ओजेदिरान म्हणाला. "उठा, उठा. लेक बरी आहे ना माझी?"

"तुमची लेक आमच्या घराचा कणा आहे," ओसुनदारे उठत म्हणाला. त्याच्या छातीवरच्या पांढऱ्या केसांत काळी माती अडकली होती. त्याने ती झटकली नाही.

*

ढोलकीच्या ठेक्यावर कुदळी वर जात, खाली येत. दोन्ही पायांच्या मध्ये माती ओढून, तळव्याने थापून, गुडघ्याइतका ढीग उठे आणि गडी एक पाऊल मागे सरके. उन्हाने खांदे चमकू लागले. माती खरोखरच अप्रतिम होती: लोण्यासारखी तुटे, तिच्यातून कुजक्या पानांचा गोडसर वास उठे. ओजेदिरानने हे क्षण पावसाळाभर मनात चाखले होते. आता ते समोर आले, तर त्यांना चवच नव्हती.

"काय माती आहे हो बाबा तुमची!" लाडेजो कपाळ पुसत म्हणाला. त्यात खोच नव्हती. त्याला खरेच ठाऊक नव्हते. "आबेके म्हणायची, आमची जमीन थकली. ही तर कोवळी आहे."

"हं," ओजेदिरान म्हणाला.

"पुढच्या वर्षी काकांना सांगतो, आपणही इकडचं रान पुन्हा धरू या. पलीकडचं आमचंच ना?"

"तू हात चालव," ओसुनदारे शेजारच्या ओळीतून म्हणाला. "जावयानं सासऱ्याच्या शेतात गप्पा मारू नयेत. कोनफळं वातड होतात."

म्हातारा सगळ्यांच्या मागे होता, पण थांबत नव्हता. त्याचे ढीग लहान, गोल, नीट असत. ओजेदिरान त्याच्या समोरच्या ओळीत राबत होता, म्हणून ते त्याला दिसले: ओसुनदारेची कुदळ कशावर तरी अडली. त्याने ती ओढली. मातीतून बोटभर जाडीचे, शेंदरी रंगाचे मूळ वर आले. कापल्या जागी ओले, जिवंत. त्याच्या कडेला पिवळट कोंब फुटला होता.

पेरेगुनखेरीज त्या रंगाची मुळे दुसऱ्या कशाची नसतात.

ढोलकी वाजत होती. गडी पुढे पुढे गाणे ओढत होते. ओसुनदारेने मान वर केली आणि प्रथमच ओजेदिरानकडे सरळ पाहिले. त्या नजरेत राग असता तर ओजेदिरानही उसळला असता. तुच्छता असती, तर त्याने ती सोसली असती. तिथे यातले काही नव्हते. घरातल्या कुणाचे झोपेत वस्त्र सुटले असता दुसऱ्याने नजर वळवावी, तशी ती नजर वळली. म्हाताऱ्याने मूळ परत खाली ठेवले, वर माती ओढली, तळव्याने थापली आणि नीट, गोल ढीग घातला.

दुपारपर्यंत सगळे शेत ढिगाऱ्यांनी भरले. नव्या रांगेपर्यंत, काठोकाठ.

*

इयुनादेने होते ते सगळे कुटले होते. कुटलेल्या कोनफळांचे पांढरे, गरम गोळे, कलिंगडाच्या बियांचा रस्सा, त्यात धुरावलेली घूस. आयांडोकुनने रस्सा ढवळून पाहिला आणि तो म्हणाला, "मावशी, आज मला माझं तोंड दिसत नाही. मांसच आडवं येतंय." ती हसली, पण पदर तोंडाशी धरून.

जेवणाआधी कोला, म्हणजे मानाचे बी, फोडायचा होता. तो यजमानाने फोडायचा, आणि ज्यांनी ही भुई पहिल्यांदा तोडली त्यांची नावे घेऊन प्रार्थना म्हणायची. कोला हातात असताना माती ऐकत असते. तिच्यासमोर खोटे नाव घेतले तर ते घेणाऱ्याचे पोट फुगते, असे सगळेच मानत; ओजेदिरानही.

त्याने कोला हातात घेतला. सगळ्यांनी बोटे थांबवली.

"या भुईच्या..." तो म्हणाला. आपल्या बापाचे नाव ओठांवर आले आणि तिथेच बसले. दुसरी नावे त्याला ठाऊक होती. ती ओसुनदारेच्या बापाची, आजाची होती. त्याच्या तळव्यात कोला घामाने ओला झाला. लाडेजो आदराने मान खाली घालून वाट बघत होता. इयुनादेने पळी भांड्यात तशीच धरली होती.

ओसुनदारे खाकरला. "व्याही थकलेत रे. त्यांच्यापेक्षा जास्त कोण राबलं आज? आणा, मी म्हणतो. आज आम्ही त्यांचे गडी, आणि गड्यानं धन्याचा घसा वाचवावा." त्याने ओजेदिरानच्या मुठीतून कोला सोडवून घेतला; बोटे एकेक करून उघडावी लागली. "ज्यांनी हे रान पहिल्यांदा तोडलं, त्यांची नावं मातीला ठाऊक आहेत. त्यांनी आमच्या व्याह्यांची कोनफळं पोसावीत."

"पोसावीत," सगळे म्हणाले.

पहिली फोड त्याने ओजेदिरानला दिली. ती कडू होती, जशी असायची तशीच.

निघताना गडी पुढे गेले. ओजेदिरान म्हाताऱ्याच्या मागोमाग ओढ्यापर्यंत चालत गेला.

"ओसुनदारे, मला एक बोलायचंय."

"बोलू नका."

"तुम्ही पाहिलंत..."

"मी म्हातारा आहे, मला काय दिसतंय?" तो थांबला, काठीवर दोन्ही हात ठेवून. "ऐका. तुम्ही बोललात की मला ऐकावं लागेल. ऐकलं की आमच्या पंचांपुढं सांगावं लागेल. सांगितलं की आपल्या आजोबांनी जी माती प्यायली, ती ओकावी लागेल. मग लढाईचे ढोल वाजतील, आणि उत्तरेचे घोडेस्वार लांबून ऐकून हसतील. तुमची लेक पोटुशी आहे, ठाऊक आहे ना? तिच्या पोटात आमचं माणूस आहे. त्याला बाजारात कुणी चोराचा नातू म्हणून हाक मारायची?"

ओजेदिरानने नखांत अडकलेली काळी माती अंगठ्याने उकरली.

"पोटाला कमी पडत होतं, तर मागायचं होतंत," म्हातारा हळू म्हणाला. आता मात्र त्याचा आवाज किंचित हलला. "मुलीच्या बापाला आम्ही नाही म्हटलं असतं?"

*

बाजाराच्या दिवशी इयुनादे लवकर परतली. तिच्या टोपलीत ताडतेलाचे गाडगे नेहमीपेक्षा भरलेले होते. ती ते खाली ठेवेना. धरूनच उभी राहिली.

"त्या म्हाताऱ्यानं भर बाजारात सांगितलं," ती म्हणाली. "म्हणे, व्याह्याचा मुलगा गेला, हात कमी झाले, जमीन थकली, म्हणून इडोसेनं शिवेलगतचं रान त्यांना वापरायला दिलं. म्हणे, पेरेगुन आम्हीच पुढं सरकवायला सांगितलं. आपल्या बायका मला म्हणाल्या, नशीबवान आहेस, असे व्याही मिळायला पुण्य लागतं."

"आणि इडोसेच्या?"

"इडोसेच्या बायकांनी मला बसायला जागा दिली. तेलवालीनं वर ओतून दिलं, पैसे मोजून घेतले नाहीत, आणि माझ्याकडं बघितलं नाही." तिने गाडगे अखेर खाली ठेवले. "सगळ्यांना ठाऊक आहे. एकीनं जरी अंगावर थुंकलं असतं ना, तरी मी आज जेवले असते."

तो बाहेर ढिगाऱ्यांच्या दिशेने बघत राहिला. लागवडीची बेणी कोपऱ्यात तशीच होती.

"आता आभार मानायला जावं लागेल तुम्हाला," ती म्हणाली. "जमीन मिळालेला माणूस जातो. नाही गेलात, तर म्हाताऱ्याचं बोलणं खोटं ठरेल. म्हणजे तेही पाप आपल्याच माथी."

*

तो एकटाच इडोसेला गेला. काखेत एक कोंबडी होती. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने त्याला बाजूला होऊन वाट दिली आणि वाकून नमस्कार केला.

ओसुनदारेच्या चौसोपी घराच्या अंगणात पुरुष दोर वळत बसले होते. बायका ओसरीवर बिया निवडत होत्या. त्यांच्यात आबेके होती, पोट पुढे घेऊन, पाय पसरून. बापाला बघून तिचा चेहरा उजळला. ती पाण्याचा तुंबा आणायला उठली.

आभाराचे शब्द त्याला येत होते. ते म्हटले की तो सुटला असता आणि सगळे सुटले असते. त्याने कोंबडी सोडून दिली. मग अंगणाच्या मधोमध तो गुडघ्यांवर बसला, तळवे टेकले आणि पालथा आडवा झाला.

दोर वळणारे हात थांबले. ओसरीवर कुणीतरी श्वास आत ओढला. मुलीचा बाप जावयाच्या दारात आडवा झालेला त्या गावात कुणी पाहिला नव्हता.

"रांग मी हलवली," तो म्हणाला. तोंड भुईला लागले होते, म्हणून आवाज आधी मातीत गेला आणि मग जेमतेम बाहेर आला. पण जवळ बसलेल्यांना तो ऐकू गेला. लाडेजोला गेला. त्याचा चेहरा एखादा दिवा विझावा तसा झाला. हे ओजेदिरानला वर न बघता कळले.

"ऐकलंत?" ओसुनदारे मोठ्याने म्हणाला. "व्याही जमिनीबद्दल आभार मानतायत. एवढे मोठे आभार मानायची काही गरज होती का?"

"मी हलवली," ओजेदिरान पुन्हा म्हणाला. "पावसात. कोयत्यानं."

त्याला उठवायचे कुणी? व्याह्याला 'उठा' म्हणण्याचा अधिकार त्या घरात कुणाला नव्हता. तसा शब्दच कधी लागला नव्हता. आणि मुलगी देणारा खाली असताना मुलगी घेणाऱ्याने वर राहणे, हेही रीतीत कुठे नव्हते. क्षणभर सगळे अंगण अडकून राहिले. मग काठी जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. गुडघ्यांची कटकट ऐकू आली. ओसुनदारे कण्हत खाली बसला आणि त्याच्या समोर, डोक्याला डोके लावून, पालथा झाला. लाडेजो झाला; थोडा उशिरा, पण झाला. आयांडोकुन झाला. दोर तसेच टाकून एकामागून एक सगळे पुरुष झाले, आणि त्या उन्हात अंगणभर नुसत्या पाठी उरल्या. उभ्या राहिल्या त्या फक्त बायका.

त्याने शिक्षा मागितली होती. त्याला पुन्हा मान मिळाला होता.

आबेकेची पावले जवळ आली. तुंब्यातले पाणी हिंदकळल्याचा आवाज झाला. ती बोलली, तेव्हा तो त्याच्या लेकीचा आवाज राहिला नव्हता. त्या घरच्या सुनेचा होता.

"बाबा, हे म्हातारं माणूस आहे. यांना ऊन सोसत नाही. तुम्ही म्हटल्याशिवाय यांच्यातलं कुणी उठायचं नाही."

तो हातांवर जोर देऊन गुडघ्यांवर आला, मग उभा राहिला. त्याच्या छातीला, ओठांना माती लागली होती. आबेकेने तुंबा पुढे केला. ती दुसरीकडे बघत होती.

"म्हणा," ती म्हणाली.

"उठा," तो म्हणाला.

कुणी हलले नाही. ऐकू गेले नसावे. त्याला ते पुन्हा, मोठ्याने म्हणावे लागले.